पीडब्ल्यूडी एक सांगतं, पायथन दुसरंच सांगतो, मी नक्की कुठल्या फोल्डरमध्ये बसलोय?

घणसोलीचा_गडी

नमस्कार मंडळी, लिनक्सवाले कोणी असतील तर जरा बघा.

महापेला एका छोट्या कंपनीत आहे. मूळचा जाव्हावाला, पण सर्वर बघणारा मुलगा सोडून गेल्यापासून सर्वर पण माझ्याच गळ्यात पडलेत. तर झालंय असं की आमच्याकडे /सेवा/चालू असं एक फोल्डर आहे, म्हणजे फोल्डर नाही, सिमलिंक आहे, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण, ती /सेवा/आवृत्त्या/४१ वर जाते. (खरी नावं वेगळी आहेत, इथे समजायला मराठीत लिहितोय, तसंही लिनक्सला मराठी नाव चालतंच.) नवीन रिलीज आलं की स्क्रिप्ट ४२ नावाचं फोल्डर तयार करते आणि ती लिंक तिकडे वळवते.

मी आधीपासून टर्मिनल उघडून /सेवा/चालू मध्येच बसलेलो. डिप्लॉय झालं, एरर नाही काही नाही. पीडब्ल्यूडी (आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते सांगणारी कमांड) मारलं, उत्तर आलं /सेवा/चालू, म्हटलं बरोबर आहे. एलएस (फाइलींची यादी) मारलं तर सगळ्या जुन्या फाइली! कॉन्फिग उघडून बघितली तर ती पण जुनी. मग तिथल्या तिथे पायथन चालू करून ओएस डॉट गेटसीडब्ल्यूडी (चालू फोल्डर सांगणारं फंक्शन) विचारलं तर तो म्हणतो /सेवा/आवृत्त्या/४१. दुसरं टर्मिनल उघडून त्याच पत्त्यावर सीडी (फोल्डर बदलायची कमांड) केलं की तिथे मात्र सगळं नवीन दिसतंय. एकच मशीन, एकच युजर, एकच पत्ता आणि दोन खिडक्यांत दोन वेगवेगळ्या गोष्टी.

शेजारचा म्हणतो कॅशे असेल, लॉगआउट करून परत ये. तसं केलं की नीट होतं पण का होतं ते कळेना, आणि कॅशे हे उत्तर मला कोणी दिलं की समजतो त्याला पण माहीत नाही.

अजून दोन गोष्टी विचारून घेतो, वेगळा धागा कशाला काढू. एक म्हणजे कधीकधी कुठलीही कमांड मारली की शेल बोंबलतं, गेटसीडब्ल्यूडी कॅनॉट ॲक्सेस पॅरेंट डिरेक्टरीज असं काहीतरी, फोल्डर तर समोर दिसतंय मग पॅरेंटचा काय प्रॉब्लेम? आणि दुसरं, विंडोज लॅपटॉपवर पॉवरशेलमधून रिपोर्ट लिहितो, प्रॉम्प्टवर बरोबर फोल्डर दिसतं आणि फाइल भलतीकडेच जाऊन पडते. तिन्हीचं मूळ एकच आहे का?

खाडीकाठचे_काका

मूळ एकच आहे असं म्हटलं तरी चालेल. कॅशेवाल्या मित्राला चहा पाजा आणि कामाला लावा.

मी कुठे आहे या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मशीनवर दोन जण देतात आणि ते एकमेकांना विचारत नाहीत. पहिला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रत्येक प्रोसेसमागे, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅममागे, कर्नल एक नोंद ठेवतो की ही प्रोसेस सध्या अमुक डिरेक्टरीत आहे. ती नोंद म्हणजे पत्ता नव्हे, अक्षरं नव्हेत, थेट त्या डिरेक्टरीला धरलेलं असतं. लिनक्समध्ये ही जोडी असते, कुठलं माउंट (जोडलेली डिस्क) आणि त्यातली कुठली डेंट्री (डिरेक्टरीची कर्नलमधली नोंद). पायथन जेव्हा गेटसीडब्ल्यूडी विचारतो तेव्हा कर्नल त्या डिरेक्टरीपासून वर वर चढत रूटपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या / पर्यंत जातो, वाटेतली नावं गोळा करतो आणि पत्ता त्या क्षणी जोडून देतो. त्या चढणीत सिमलिंक कधीच लागत नाही, कारण सिमलिंक ही खाली उतरतानाची वाट आहे, वर जाताना ती नसतेच. म्हणून पायथनला ४१ दिसलं.

दुसरा म्हणजे तुमचं शेल, टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, तुमच्याकडे बॅश. बॅश स्वतःकडे पीडब्ल्यूडी नावाच्या व्हेरिएबलमध्ये एक स्ट्रिंग ठेवतं, तुम्ही सीडी करताना जे टाइप केलं त्यावरून बनवलेली. तुम्ही पीडब्ल्यूडी मारता तेव्हा बॅश कर्नलला विचारतच नाही, ती स्ट्रिंग छापून मोकळं होतं. "टाइप -ए पीडब्ल्यूडी" मारून बघा, दोन दिसतील, एक शेलच्या पोटातलं आणि एक /बिन मधलं वेगळं. /बिन वालं पूर्ण नावाने चालवा, ते ४१ सांगेल, कारण जीएनयूचं ते पीडब्ल्यूडी काही न सांगता चालवलं तर खरा पत्ता काढतं. शेलमधल्याला -पी दिलं तरी तेच.

आता तुमची केस. तुम्ही सीडी केलंत तेव्हा लिंक ४१ वर होती, कर्नलने ४१ ला धरलं. नंतर लिंक ४२ वर गेली. कर्नलला त्याच्याशी घेणंदेणं नाही, त्याने लिंकला धरलेलंच नव्हतं. बॅशच्या वहीत मात्र अजून /सेवा/चालू लिहिलंय. एलएस कर्नलला विचारतं म्हणून जुन्या फाइली.

लॉगआउट करायची गरज नाही. "सीडी ." मारा, म्हणजे सीडी आणि एक टिंब. बॅश स्वतःच्या वहीतला पत्ता घेऊन नव्याने तिथे जातं आणि या वेळी लिंक ४२ वर नेते.

यातली अजून एक गंमत लोकांना फार उशिरा कळते. /सेवा/चालू मध्ये बसून "एलएस .." मारा आणि मग "सीडी .." करून नुसतं एलएस मारा. दोन वेगळ्या याद्या येतील. आपल्या नवी मुंबईतलं जुईनगर घ्या. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने आलेल्याला विचारलं मागचं स्टेशन कुठलं तर तो तुर्भे म्हणणार, वाशीहून आलेला सानपाडा म्हणणार, दोघं उभे मात्र एकाच स्टेशनात. शेल हा असा प्रवासी आहे, आलो त्या वाटेने मागे जातो, म्हणजे स्ट्रिंगमधला शेवटचा तुकडा पुसतो आणि /सेवा मध्ये पोचतो. कर्नलकडे प्रत्येक डिरेक्टरीला एकच बाप, त्यामुळे एलएसला .. म्हणजे /सेवा/आवृत्त्या.

कोपरखैरणे_कॉलेजकट्टा

काका मस्त समजावलंत. एक बावळट प्रश्न, सीडी हे शेलच्या पोटातच का असतं? एलएस, सीपी, एमव्ही सगळ्यांचे वेगळे प्रोग्रॅम आहेत ना, मग सीडीने काय घोडं मारलंय. व्हायव्हाला विचारलं होतं आणि आमच्या बॅचमधल्या एकालाही आलं नाही.

खाडीकाठचे_काका

बावळट अजिबात नाही. युनिक्स लिहिणाऱ्यांचीच यात फजिती झालेली. पीडीपी-७ या जुन्या मशीनवर अगदी सुरुवातीचं युनिक्स चालायचं तेव्हा फोर्क (एका प्रोसेसमधून दुसरी, पोरप्रोसेस काढणं) नव्हता, शेलचीच प्रोसेस कमांड चालवायची आणि फोल्डर बदलायची कमांड साधा प्रोग्रॅम म्हणून नीट चालायची. मग फोर्क आला, कमांड पोरप्रोसेसमध्ये चालायला लागली, आणि अचानक फोल्डर बदलेना. डेनिस रिची यांनी स्वतः हे सांगून ठेवलंय. कमांड बिचारी काम चोख करत होती, फक्त ते पोरप्रोसेसचं फोल्डर बदलत होती आणि ती प्रोसेस लगेच मरत होती, शेल होतं तिथेच. मग त्यांनी ती कमांड शेलच्या आत घेतली. आजतागायत तिथेच आहे.

स्क्रिप्टमध्ये सीडी केलं आणि स्क्रिप्ट संपल्यावर आपण होतो तिथेच राहिलो, हे त्यामुळेच होतं.

आणि कर्नल वर चढतो म्हणालो ते तेव्हा कर्नल करत नव्हता. जुना पीडब्ल्यूडी प्रोग्रॅम स्वतः चढायचा, टिंबाचा, म्हणजे चालू डिरेक्टरीचा आयनोड नंबर (डिस्कवरचा तिचा ओळखक्रमांक) घ्यायचा, .. उघडायचा, त्यातली एकेक एंट्री तपासत त्या नंबरचं नाव शोधायचा, मग अजून वर. वरच्या एखाद्या डिरेक्टरीला वाचायची परवानगी नसेल तर तिथेच आडवा. वाटेत नेटवर्कवरचं मेलेलं माउंट लागलं की लटकला. लिनक्समध्ये गेटसीडब्ल्यूडी नावाचा सिस्टीम कॉल २.१.९२ मध्ये आला, तेव्हापासून कर्नल आपल्याच मेमरीतून नावं देतो. तुम्हाला एररमध्ये कॅनॉट ॲक्सेस पॅरेंट डिरेक्टरीज जे दिसतंय ती भाषा त्या जुन्या काळाची आहे, बॅशने अजून ठेवलीय. खरं कारण बहुतेक वेळा पॅरेंट नसतंच.

सिमलिंक आल्या ४.२ बीएसडीबरोबर १९८३ मध्ये, आणि एकाच जागी दोन वाटांनी जाता येणं हा प्रकार तेव्हापासून रोजचा झाला. कॉर्न शेलने मग ठरवलं की माणूस ज्या वाटेने आला ती लक्षात ठेवायची, पॉझिक्सने (युनिक्ससारख्या सिस्टीमसाठीचं मानक) तेच उचललं, आणि आज बॅश, झेडशेल सगळे तसेच वागतात.

सीवूड्सची_सिसॲडमिन

दुसऱ्या प्रश्नाचं मी घेते, कारण हे मला आठवड्याला कोणीतरी विचारतं.

भाऊ, तुमची डिप्लॉय स्क्रिप्ट जुन्या आवृत्त्या पुसत असणार, शेवटच्या काही ठेवायच्या आणि बाकी उडवायच्या असं काहीतरी. तुम्ही ज्या फोल्डरमध्ये बसला होता तेच उडवलं. लिनक्स बसलेल्या माणसाखालची सतरंजी बिनधास्त काढू देतो. नाव गेलं, पण कर्नलने डिरेक्टरी धरून ठेवलीय म्हणून तुमचं शेल मरत नाही, तरंगत राहतं. आता तिथे गेटसीडब्ल्यूडी विचारलं की वर चढायला वाटच नाही, उत्तर येतं नो सच फाइल. त्यामुळे नवीन बॅश चालू केलं की ते रडतं, गिट रडतं, नोड रडतं, पायथन फाइलनॉटफाउंड फेकतो. आणि पीडब्ल्यूडी मात्र हसतमुखाने जुना पत्ता सांगतं, कारण ते वहीतून वाचतंय.

फोल्डर समोर दिसतंय म्हणालात, ते त्याच नावाने परत बनवलेलं दुसरं फोल्डर आहे. नाव तेच, आयनोड वेगळा. बिल्डमध्ये टार्गेट फोल्डर पुसून परत बनतं तिथे हे रोज होतं, जाव्हावाल्यांना तर माहीतच असेल. इथेही "सीडी ." चालतं.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा थेट /प्रॉक मध्ये बघा, तिथे कर्नल प्रत्येक प्रोसेसची माहिती दाखवतो:

"रीडलिंक /प्रॉक/सेल्फ/सीडब्ल्यूडी" मारलं तर रीडलिंक स्वतः कुठे आहे ते सांगेल, पण ती प्रोसेस शेलचीच पोर असल्यामुळे जागा तीच. फोल्डर पुसलेलं असेल तर पत्त्यापुढे डिलीटेड असं लिहून येतं. दुसऱ्या कुठल्याही प्रोसेसचं बघायचं तर सेल्फच्या जागी तिचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर), फक्त प्रोसेस तुमची हवी नाहीतर रूट युजर (ॲडमिन) व्हा. "पीडब्ल्यूडीएक्स" आणि पुढे पीआयडी, हे पण तेच करतं. मॅकवर /प्रॉक नाही, तिथे "एलएसओएफ -डी सीडब्ल्यूडी" आणि -पी ने पीआयडी, पण मध्ये -ए टाकायला विसरू नका, नाहीतर दोन्ही अटी एकत्र न लागता वेगवेगळ्या लागतात आणि याद्यांचा पूर येतो.

हे कामाचं कधी पडतं सांगते. डिस्क काढायला जाता, अनमाउंट म्हणतं टार्गेट इज बिझी, आणि तुम्ही शपथेवर सांगता की एकही फाइल उघडी नाही. फाइल नसेलच उघडी. कोणाचं तरी शेल त्या माउंटमध्ये नुसतं बसलेलं असतं, दुपारी जेवायला गेलेल्या माणसाचं. नुसतं बसणं पण धरून ठेवण्यातच मोजतात.

आणि एक महत्त्वाचं, तुमची जाव्हा सर्व्हिस पण याच बोटीत आहे. लिंक फिरवल्याने चालू सर्व्हिस नवीन फोल्डरमध्ये जात नाही, ती सुरू झाली तेव्हा जिथे होती तिथेच राहणार. /प्रॉक मध्ये तिचं बघा, ४१ निघेल. जाव्हात तर चालू प्रोग्रॅमने फोल्डर बदलायची सोयच नाही, यूजर डॉट डिर ही प्रॉपर्टी सुरुवातीला एकदा भरली जाते, आणि ती सेट करून फोल्डर बदललं असं समजणाऱ्यांचे भ्रम जेडीके ११ ने उरलेसुरले पण मोडले, तिथे ती किंमत सुरुवातीलाच वाचून ठेवतात, नंतर बदललेली फाइल क्लास बघतच नाही. रीस्टार्ट करावंच लागेल.

घणसोलीचा_गडी

बापरे, सर्व्हिसचं बघितलं, खरंच ४१ च्या पण मागचं निघालं आणि पुढे डिलीटेड. म्हणजे ती बिचारी पुसलेल्या फोल्डरमध्ये बसून चालतेय आणि लॉग रिलेटिव्ह पाथवर लिहिते. लॉग का सापडत नाही म्हणून सगळे मला विचारत होते.

सीवूड्सची_सिसॲडमिन

पुसलेल्या डिरेक्टरीत नवीन फाइल बनतच नाही, नो सच फाइल येतं. आधीची उघडी फाइल असेल तर त्यातच लिहीत असणार आणि ती पण पुसलेली. /प्रॉक मध्ये त्या पीआयडीखाली एफडी फोल्डर असतं, त्यात तिच्या उघड्या फाइली दिसतात, तिथून सीपीने कॉपी काढता येईल, पण रीस्टार्टच्या आधी काढा, प्रोसेस गेली की ती पण गेली.

आणि सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये वर्किंगडिरेक्टरी लिहा. न लिहिली तर सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालू करणारा) सिस्टीम सर्व्हिसला रूटमध्ये म्हणजे नुसत्या / मध्ये सोडतो. क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) युजरच्या होममध्ये सोडतो. हाताने चालवली की चालते आणि क्रॉनमध्ये चालत नाही अशा निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

वागळे_इस्टेट_विंडोज

विंडोजचं विचारणारा एक जण आणि उत्तर देणारा कोणीच नाही, नेहमीचंच. घ्या.

पॉवरशेलला स्वतःची लोकेशन असते आणि विंडोजला प्रोसेसची करंट डिरेक्टरी असते, सेट-लोकेशन किंवा सीडी केलं की पॉवरशेलची बदलते, प्रोसेसची नाही बदलत. मुद्दाम तसं केलंय, कारण एका प्रोसेसमध्ये पॉवरशेलचे अनेक रनस्पेस (स्वतंत्र सेशन) चालू शकतात आणि प्रोसेसला करंट डिरेक्टरी एकच, एकाने बदलली की सगळ्यांची बदलली असती. शिवाय पॉवरशेलमध्ये तुम्ही सीडी करून रजिस्ट्रीत पण जाऊ शकता, आता रजिस्ट्रीतल्या की ला विंडोज करंट डिरेक्टरी कसं म्हणणार.

आता तुम्ही गेट-कंटेंट, आउट-फाइल असले पॉवरशेलचे स्वतःचे कमांड वापरलेत तर ते प्रॉम्प्टवर दिसतंय तेच धरतात. बाहेरची एक्झी चालवलीत तरी पॉवरशेल तिला बरोबर फोल्डरमध्ये सोडतं. पण थेट डॉटनेटला हाक मारून फाइल क्लासचं राइट-ऑल-टेक्स्ट वगैरे केलंत आणि नुसतं फाइलचं नाव दिलंत की ते प्रोसेसचं फोल्डर धरतं, म्हणजे पॉवरशेल जिथे सुरू झालं ते. साधारणपणे तुमचं यूजर फोल्डर, आणि ॲडमिन म्हणून उघडलं असेल तर सिस्टीम३२. तुमचे रिपोर्ट तिथेच पडलेत, बघा जाऊन. स्क्रिप्टमध्ये पीएसस्क्रिप्टरूट किंवा पीडब्ल्यूडी व्हेरिएबल जोडून पूर्ण पाथ द्या, प्रश्न मिटला.

सीएमडीची कहाणी अजून जुनी आहे. डॉस २.० मार्च १९८३ ला आलं तेव्हा त्यात पहिल्यांदा फोल्डर आले, त्याआधी नुसते ड्राइव्ह. मग प्रत्येक ड्राइव्हची वेगळी करंट डिरेक्टरी ठेवली, म्हणजे जुने प्रोग्रॅम ज्यांना फोल्डर काय ते माहीतच नाही ते पण चालावेत. आजच्या विंडोजला खरं तर प्रोसेसमागे एकच डिरेक्टरी असते, पण सीएमडी हे नाटक अजून चालवतं, बरोबरीच्या चिन्हाने सुरू होणारी लपलेली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असतात, एकेका ड्राइव्हसाठी एकेक. म्हणूनच सी: वर बसून डी: मधल्या फोल्डरला नुसतं सीडी केलं की काहीच झालं नाही असं वाटतं, झालेलं असतं, डी: ची नोंद बदललेली असते, तुम्ही तिकडे गेलेले नसता. /डी लावा.

एका बाबतीत विंडोज लिनक्सच्या बरोबर उलटं आहे, ते वरच्या मॅडमच्या सतरंजीवरून आठवलं. विंडोज पाथची स्ट्रिंग पण ठेवतं आणि सोबत त्या फोल्डरचा उघडा हँडल पण, आणि तो असा उघडलेला असतो की दुसऱ्या कोणाला ते फोल्डर पुसता येत नाही. म्हणून फोल्डर डिलीट करायला जाता आणि दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडं आहे म्हणून येतं, आणि तुम्ही सगळ्या खिडक्या बंद केलेल्या असतात, कुठेतरी एक काळी खिडकी त्यात बसलेली असते. मला विचाराल तर हेच बरं. निदान कोणी पुसलेल्या फोल्डरमध्ये बसून लॉग लिहीत नाही.

कोपरखैरणे_कॉलेजकट्टा

विंडोजवाले पहिल्यांदा जिंकले 😄

मी मॅकवर करून बघितलं, /टीएमपी मध्ये सीडी केलं, पीडब्ल्यूडी म्हणतं /टीएमपी, -पी लावलं की /प्रायव्हेट/टीएमपी. आणि यूजर्स फोल्डरचं पहिलं अक्षर लहान टाइप करून सीडी केलं तर गेलं पण आत, आणि पीडब्ल्यूडी पण तसंच लहान अक्षर दाखवतंय जे खऱ्या नावात नाहीये. वही खरंच आहे.

मग सरळ बॅशलाच सांगता येत नाही का कायम खरा पत्ता दाखव म्हणून? सगळा घोळच संपेल.

तुर्भे_कंटेनर_यार्ड

येतं की. "सेट -पी" मारा, पी कॅपिटल, किंवा सेट -ओ फिजिकल. झेडशेलमध्ये चेसलिंक्स नावाचा ऑप्शन. माझ्या बॅशआरसीमध्ये पहिल्या काही ओळींत तेच आहे. लोकांना लिंकवाला पत्ता गोड वाटतो, मला खोटं बोलणारा प्रॉम्प्ट नको. ४१ दिसलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

टीमक्स (एका टर्मिनलचे अनेक भाग, म्हणजे पेन, करणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांना अर्धं हे मिळतंच, चालू पेनचं फोल्डर धरून नवीन पेन उघडा म्हटलं की लिनक्सवर टीमक्स /प्रॉक मधून बघतो, शेलला विचारत नाही, त्यामुळे नव्या पेनमध्ये लिंक गायब होऊन पूर्ण पत्ता येतो आणि लोक विचारतात हे काय झालं. बाकीच्या बऱ्याच टर्मिनलमध्ये शेल स्वतःच प्रत्येक प्रॉम्प्टला एक एस्केप सिक्वेन्स (टर्मिनलसाठीचा न दिसणारा संदेश) पाठवून फोल्डर कळवतं, ओएससी ७ म्हणतात त्याला, तिथे लिंकवालाच पत्ता जातो.

आणि हा विषय नुसता सोयीचा नाही, सिक्युरिटीचा पण आहे. २०२४ च्या जानेवारीत रन-सी मधला एक होल बाहेर आला, डॉकर ज्यावर चालतं ते, कंटेनर म्हणजे प्रोग्रॅमला बाकी मशीनपासून वेगळं कोंडून चालवणारं. रन-सी कडून होस्टच्या (मूळ मशीनच्या) एका डिरेक्टरीचा उघडा डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा नंबर) आत गळत होता. इमेजमध्ये वर्कडिर म्हणून /प्रॉक/सेल्फ/एफडी आणि पुढे तो नंबर लिहिला की कंटेनरची प्रोसेस जन्मतःच होस्टच्या फोल्डरमध्ये बसलेली. रूट बदललेलं, भिंती सगळ्या जागेवर, पण बुड भिंतीबाहेर. मग .. .. करत होस्टची फाइलसिस्टीम. १.१.१२ मध्ये दुरुस्त केलं, आणि दुरुस्तीतला एक भाग काय तर प्रोग्रॅम सुरू करण्याआधी गेटसीडब्ल्यूडी विचारून बघायचं, उत्तर आलं नाही तर थांबायचं.

अशी जागा जिथून रूटपर्यंत वाट नाही, तिथे कर्नल २.६.३६ पासून पत्त्याच्या आधी कंसात अनरीचेबल असं लिहून देतो. पत्ता नेहमी / ने सुरू होणार असं गृहीत धरणाऱ्यांची त्यात दांडी उडाली, २०१८ साली जीलिबसीच्या (लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी) रिअलपाथमध्ये नेमका त्यामुळेच बफरच्या मागे लिहिणारा बग निघाला आणि २.२७ पासून त्यांचं गेटसीडब्ल्यूडी असं उत्तर आलं की सरळ एरर देतं.

खाडीकाठचे_काका

सेट -पी सगळ्यांना सरसकट सांगू नका हो. ज्यांच्याकडे होम डिरेक्टरी नेटवर्कवर आहे आणि लिंकमधून येते त्यांना तो खरा पत्ता उद्या बदलणार असतो. ॲडमिन डिस्क हलवतो, लिंक फिरवतो, लिंकवाला पत्ता टिकतो आणि खरा मोडतो. खरा पत्ता स्क्रिप्टमध्ये कॉपी करून बसलेली माणसं मी बघितलीत, डिस्क बदलल्यावर दोन दिवस रडत होती. हातानं काम करताना लिंकवाला असू द्या, स्क्रिप्टमध्ये काय हवं ते स्पष्ट मागा.

तुर्भे_कंटेनर_यार्ड

काका, नेटवर्क होम आता उरलेत किती? पण स्क्रिप्टचं मान्य.

घणसोलीचा_गडी

भांडू नका, दोघांचं पण पटतंय मला 🙏 लॉग निघाले एफडीमधून, नंतर रीस्टार्ट केला. पॉवरशेलचे रिपोर्ट पण सिस्टीम३२ मध्येच सापडले, ढीगभर.

आता स्क्रिप्टचा विषय निघालाच आहे तर शेवटचं विचारतो. रात्री एक मोठी जॉब स्क्रिप्ट चालते /सेवा/चालू मध्ये, तासभर तरी. मध्येच कोणी डिप्लॉय केलं तर अर्धं काम ४१ च्या फाइलींवर आणि अर्धं ४२ च्या असं होईल का?

सीवूड्सची_सिसॲडमिन

स्क्रिप्टमध्ये दर ठिकाणी /सेवा/चालू असा पूर्ण पत्ता लिहिला असेल तर हो, नक्की होईल. सुरुवातीला एकदा "सीडी -पी /सेवा/चालू" करा, पी कॅपिटल, आणि पुढे सगळं रिलेटिव्ह लिहा. मग लिंक कितीही फिरू दे, तुमची जॉब ४१ मध्येच संपते. तुम्ही ज्याला बग समजून आला होतात तेच इथे कामाला येतं. सीडीच्या पुढे "|| एक्झिट" नक्की लिहा, सीडी फसलं आणि पुढची ओळ आरएम असेल तर काय होईल ते इथे लिहीत नाही.

डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये दोन बदल करा. लिंक फिरवताना आधी नवी लिंक वेगळ्या नावाने बनवा आणि "एमव्ही -टी" ने जुन्या लिंकच्या जागी न्या, टी कॅपिटल, रीनेम एका झटक्यात होतं, मध्ये लिंकच नाही असा क्षण येत नाही. आणि जुनी आवृत्ती पुसण्याआधी /प्रॉक मधल्या सगळ्या सीडब्ल्यूडी बघून त्यात कोणी बसलंय का ते तपासा. रूट म्हणून चालवा नाहीतर दुसऱ्या युजरच्या प्रोसेस दिसणार नाहीत.

वागळे_इस्टेट_विंडोज

आणि त्यांच्या टीममधला कोणीतरी उद्या सीएमडीमधून नेटवर्क शेअरवर सीडी करून बघणारच आहे तर आत्ताच सांगतो, दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पाथ सीएमडीला करंट डिरेक्टरी म्हणून चालत नाही, अशा फोल्डरमधून बॅच फाइलवर डबलक्लिक केलं तर तो यूएनसी चालत नाही म्हणतो आणि गपचूप विंडोज फोल्डरमध्ये जाऊन बसतो. पुशडी वापरा, तो झेड: पासून मागे येत जो ड्राइव्ह रिकामा मिळेल त्याला शेअर जोडतो आणि पॉपडी केलं की सोडतो.

घणसोलीचा_गडी

पुशडीचं आमच्या अकाउंट्सवाल्यांना लागेल. एमव्ही -टी आत्ताच टाकतोय स्क्रिप्टमध्ये, शुक्रवारच्या डिप्लॉयला कळेलच.